पंधरवड्याचे पाहुणे

आफ्रिकेतल्या खेड्यात 'मिशन ट्रिप'ला जाऊन आलेल्या माणसाचे पहिले पत्र आता न वाचताही सांगता येते. लाल मातीचा रस्ता, गाडीमागे धावणारी पोरे, गवताने शाकारलेली घरे, रविवारी तीन-तीन तास चाललेली उपासना, तिच्यातला नाच आणि ढोल, पाहुण्यांसाठी कापलेली कोंबडी. मग ते ठरलेले वाक्य येते: यांच्याजवळ काहीच नाही, तरी ही माणसे किती आनंदी आहेत! आणि त्याच्या पाठोपाठ, आम्ही द्यायला गेलो होतो, पण घेऊनच आलो. पत्र खोटे नसते. लिहिणाऱ्याचे डोळे खरेच भरून आलेले असतात. पण मलावीहून आलेले पत्र युगांडाच्या नावावर खपवले आणि युगांडाचे झांबियाच्या, तरी वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. माझी तक्रार इथून सुरू होते.

हा प्रकार लहानसहान नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांनी २००९ साली केलेला अंदाज असा, की एकट्या अमेरिकेतून दरवर्षी चर्चचे सुमारे १६ लाख सभासद अशा अल्पमुदतीच्या मिशनवर परदेशी जातात. सगळे आफ्रिकेत जात नाहीत, मेक्सिको आणि मध्य अमेरिका त्यांना जवळ पडते. पण पत्रांतली आणि फोटोंतली मानाची जागा आफ्रिकेतल्या खेड्याची. गटात कॉलेजची मुले असतात, निवृत्त जोडपी असतात, एखादा दंतवैद्य, एखादा सुतारकाम जाणणारा. सगळ्यांचे एका रंगाचे टी-शर्ट. सामानात औषधे, जुने चष्मे, फुगे. काही दिवस शाळेची भिंत रंगवायची, काही दिवस दवाखाना चालवायचा, दुपारी मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या, रविवारी प्रवचन करायचे, आणि निघण्याआधी अभयारण्यात हत्ती पाहायचे. हत्तींबद्दल माझ्या मनात आकस नाही. इतक्या लांब गेलेल्या माणसाने हत्ती जरूर पाहावेत.

पहिल्या नजरेला चूक होते, हा काही मोठा शोध नव्हे. ती सगळ्यांचीच होते. प्रश्न तिला मिळणाऱ्या दर्जाचा आहे. ख्रिस्ती समाजात 'साक्ष' या गोष्टीला वजन आहे. जे पाहिले, अनुभवले, ते मंडळीपुढे उभे राहून सांगायचे. मिशन ट्रिपहून परतलेला माणूस पुढच्याच रविवारी साक्ष देतो, पडद्यावर फोटो दाखवतो, आणि त्या साक्षीवर पुढच्या वर्षीचे पैसे उभे राहतात. त्याच्या तिकिटाचे पैसे बहुधा त्यानेच पत्रे लिहून नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून, मंडळीतल्या लोकांकडून गोळा केलेले असतात. म्हणजे परतल्यावर तो देणेकरी असतो. ज्यांनी पैसे दिले त्यांना दाखवायला गरज हवी, कृतज्ञता हवी, आणि शक्य तर बदललेले एखादे आयुष्य हवे. हे तिन्ही त्याला दिसते, कारण तेच शोधायला तो गेलेला असतो. गावातल्या पाणी समितीचे भांडण, खताच्या सरकारी अनुदानाची रखडलेली कुपने, पाळकाचा तुंबलेला पगार या गोष्टी त्या पत्रात येत नाहीत. त्यांना पंधरा दिवस पुरत नाहीत, आणि घरच्या मंडळीला त्यांचे करायचे तरी काय?

त्या 'आनंदा'कडेच नीट पाहू. मलावी आणि झांबियात पाऊस साधारण नोव्हेंबरात सुरू होतो आणि मका एप्रिल-मेमध्ये हाती येतो. मागच्या वर्षीचा दाणा डिसेंबर उजाडेपर्यंत संपत आलेला असतो. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हे तिथले भुकेचे महिने. घरात दोन वेळचे एका वेळेवर येते, बाया दुसऱ्याच्या शेतात धान्यावर मजुरी करतात, हिवताप वाढतो, कच्चे रस्ते बंद होतात. अमेरिका-युरोपातल्या शाळा-कॉलेजांची सुटी मात्र जून ते ऑगस्ट. नेमक्या त्याच वेळी तिकडे हवा कोरडी आणि थंड असते, कणग्या भरलेल्या असतात, लग्ने उरकली जात असतात, विटा पाडायचे काम चालू असते, मंडळ्यांचे मेळावे भरतात. पाहुणा वर्षातल्या सगळ्यात बऱ्या दिवसांत येतो, त्यातही रविवारी, त्यातही त्याच्याचसाठी सजलेल्या उपासनेत बसतो, आणि लिहितो की ही माणसे गरिबीतही आनंदी आहेत. जत्रेच्या दिवशी गाव पाहून गावाची सांपत्तिक स्थिती लिहावी, तसे हे झाले. फेब्रुवारीत मिशन ट्रिप काढायची सोय कोणत्याही शाळेच्या वेळापत्रकात नाही. खेड्याची जी वेळ सगळ्यात कठीण, ती या पत्रांच्या वाङ्मयात जवळजवळ नाहीच.

आता थोडे मागे जाऊ. आफ्रिकेतल्या खेड्यांवर पडलेली ही मिशनरी नजर जुनी आहे, आणि तिच्या कथेचा एक फाटा आपल्या दारावरून जातो.

गोव्यातल्या जेझुइटांचे प्रांतप्रमुख राहिलेले गोन्सालो द सिल्व्हेरा १५६० साली गोव्याहून गलबताने मोझांबिकला गेले. किनाऱ्याजवळच्या इन्हांबाने भागात एका राजाच्या गावी ते जेमतेम सात आठवडे राहिले आणि तेवढ्यात राजासकट सुमारे चारशे लोकांना त्यांनी बाप्तिस्मा दिला. मग मोठ्या राज्याच्या ओढीने ते पुढे निघाले, आणि सोबती आंद्रे फर्नांडिस यांना मागे ठेवून गेले. फर्नांडिस तिथे राहिले. एकटे, आजारी, अन्नाला महाग झालेले. ज्यांचा बाप्तिस्मा झाला होता त्यांनी जुने विधी सोडले नव्हते, सोडण्याचा त्यांचा विचारही नव्हता, हे त्यांना हळूहळू कळत गेले. शेवटी ते गोव्याला परत आले. सिल्व्हेरांच्या सात आठवड्यांनी चारशे ख्रिस्ती मोजले होते. फर्नांडिस यांच्या मुक्कामाला ते सापडले नाहीत.

सिल्व्हेरा मात्र आजच्या उत्तर झिंबाब्वेतल्या मुतापा दरबारी पोहोचले होते. तिथला प्रसंग मला या सगळ्या इतिहासात फार बोलका वाटतो, कारण त्यात पाहणारी माणसे खेड्यातली आहेत. दरबारी लोकांनी झोपडीच्या दारातून आत डोकावून पाहिले. या गोऱ्या माणसाजवळ एक सुंदर बाई आहे, अशी वार्ता त्यांनी राजाला दिली. राजाने ती दाखवायला सांगितली. सिल्व्हेरांनी कापडात गुंडाळलेले मरियमेचे चित्र समोर ठेवले. राजाने सोने, गुरे, जमीन देऊ केली होती, ती या पाहुण्याने नाकारली होती; व्यापाराला आलेला प्रत्येक पोर्तुगीज तर तेच मागत होता. मग हा माणूस आला तरी कशाला? दरबाराने आपल्या परीने अर्थ लावला. काही आठवड्यांतच राजा, त्याची आई आणि सुमारे तीनशे लोकांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर दरबारातल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी राजाचे कान भरले: हा हेर आहे, जादूटोणा करणारा आहे. मार्च १५६१ मध्ये सिल्व्हेरांना गळा आवळून मारण्यात आले. अँटोनियो कायादो नावाच्या पोर्तुगीज व्यापाऱ्याने दुभाष्याचे काम केले होते, धोक्याची सूचनाही त्यानेच दिली होती. दोन्हीकडच्या पहिल्या नजरा आपापल्या घरच्या समजुतीतून आलेल्या होत्या आणि मधे एक दुभाषा, ज्याचे स्वतःचे हितसंबंध होते. आजच्या गटाच्या प्रवचनाचे भाषांतर करणारा स्थानिक पाळक हा त्याच जागी उभा असतो. पाहुण्याचे विनोद तो गाळतो, अनुचित असेल ते झाकतो, आणि पाहुणा घरी लिहितो की लोक माझा शब्द न् शब्द झेलत होते.

एकोणिसाव्या शतकात या पहिल्या नजरेला वर्तमानपत्र मिळाले. हेन्री मॉर्टन स्टॅन्ली १८७५ च्या एप्रिलमध्ये बुगांडाचा राजा मुतेसा याच्या दरबारी पोहोचला आणि थोड्याच दिवसांच्या मुक्कामावर त्याने लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ला पत्र धाडले: राजा शुभवर्तमानासाठी आसुसला आहे, मिशनरी पाठवा. पत्र १५ नोव्हेंबरला छापून आले आणि काही दिवसांतच चर्च मिशनरी सोसायटीला एका निनावी दात्याकडून ५ हजार पौंड मिळाले. जून १८७७ मध्ये मिशनरी तिथे पोहोचले. मुतेसाला उत्तरेकडून सरकत येणाऱ्या इजिप्तच्या फौजांची चिंता होती. त्याला बंदुका हव्या होत्या, मित्र हवे होते, आणि ज्यांच्याशी हे बोलता येईल असे गोरे हवे होते. यात लबाडी काहीच नव्हती, राजाने राजाचे काम केले. पुढे मुतेसाच्या मुलाच्या, म्वांगाच्या काळात १८८५ साली बिशप हॅनिंग्टन मारले गेले आणि जून १८८६ मध्ये नामुगोंगोला कितीतरी तरुण धर्मांतरितांना जिवंत जाळण्यात आले. तरीही बुगांडात ख्रिस्ती धर्म रुजला. त्या दरबारातून वाचलेल्या मुलांनी, पोरसवद्या शिपायांनी आणि पुढे आपोलो किवेबुलायासारख्या बागांडा उपदेशकांनी तो शेजारच्या टोरोत, तिथून काँगोतल्या बोगापर्यंत पायी चालत नेला. स्टॅन्लीच्या पत्राने पैसा आणला. माणसे बागांडांनी आणली.

या गोष्टीचा एक धागा नाशिकलाही येऊन पोहोचतो. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५४ मध्ये नाशिकला शरणपूर वसवले. अरबी समुद्रात इंग्रजी गस्ती जहाजांनी गुलामांची गलबते पकडली की सुटलेली आफ्रिकी मुले मुंबईत उतरवली जात. त्यांतली बरीच शरणपूरला आली. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणे-वाचणे शिकली, मोठी झाली. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना 'बाँबे आफ्रिकन' म्हणतात. त्यांतलाच जेकब वेनराइट. १ मे १८७३ ला आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांच्यासोबत एकही गोरा माणूस नव्हता. सोबत्यांनी त्यांचे काळीज एका झाडाखाली पुरले, वेनराइटने प्रार्थनापुस्तकातून अंत्यविधी वाचला आणि झाडावर अक्षरे कोरली. मग शव उन्हात वाळवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून सुसी, चुमा आणि बाकीच्यांनी ते कित्येक महिने पायी वाहून हिंदी महासागराच्या काठी बागामोयोला आणले. चुमा आणि सुसी यांनाही मुंबई ठाऊक होती. चुमा जॉन विल्सन यांच्या मुंबईतल्या शाळेत शिकला होता, सुसीने मुंबईच्या गोदीत काम केले होते. वाटेत ताबोराजवळ लेफ्टनंट कॅमरन हा इंग्रज अधिकारी भेटला. शव इथेच पुरा, असे त्याने सुचवले. त्यांनी ऐकले नाही. बागामोयोहून शव जहाजाने निघाले तेव्हा त्यासोबत फक्त वेनराइट इंग्लंडला गेला. चुमा-सुसींना झांझिबारला पगार चुकता करून निरोप मिळाला. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनला मूठमाती मिळाली तेव्हा शवपेटीचा भार घेणाऱ्यांत नाशिकला शिकलेला हा तरुण होता.

त्याच वर्षी प्राइस मोंबासाला गेले आणि तिथे मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. तिला नाव मिळाले बार्टल फ्रेअर यांचे, म्हणजे मुंबईचा तट पाडणाऱ्या आपल्या जुन्या गव्हर्नरांचे. फ्रेअर टाऊनमध्ये आणि जवळच्या रबाईत शाळामास्तर, दुभाषे, उपदेशक म्हणून जी माणसे उभी राहिली त्यांत नाशिकची बरीच. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये हॅनिंग्टन यांनी दीक्षा दिली. हॅनिंग्टन मारले गेले त्या प्रवासात जोन्स सोबत होता आणि उरलेला तांडा परत आणण्याचे काम त्याने केले. १८८८ मध्ये रबाईला पळून आलेल्या शेकडो गुलामांना आसरा मिळाला होता. मालक दारात येऊन बसले, आणि शेवटी ब्रिटिश कंपनीने पैसे मोजून चौदाशेच्या आसपास माणसांची सुटका करून दिली. नाशिकहून गेलेल्या या माणसांना आफ्रिकेतल्या खेड्याची 'पहिली छाप' लिहावी लागली नाही. ती तिथेच जन्मली होती, तिथूनच चोरली गेली होती, आणि परत आल्यावर राहिली. मिशनच्या मासिकांत मात्र ती बहुतेक वेळा 'आमचे नेटिव्ह मदतनीस' एवढ्याच शब्दांत येतात. नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून रोज हजारो लोक जातात. मोंबासाच्या इतिहासाशी त्या नावाचा काय संबंध, हे आपल्या पाठ्यपुस्तकांतही नाही.

पहिली नजर निराशेच्या बाजूनेही फसते, याचे उत्तम उदाहरण खुद्द लिव्हिंग्स्टनचे. त्यांच्या हातून ख्रिस्ती झालेला नाव घेण्याजोगा माणूस एकच, क्वेना लोकांचा राजा सेचेले. १८४८ मध्ये बाप्तिस्मा झाला. राजाने जास्तीच्या बायका माहेरी पाठवल्या. काही महिन्यांत त्यांतल्या एकीला दिवस गेल्याचे कळले. लिव्हिंग्स्टनने हताश होऊन त्याचे नाव आपल्या हिशेबातून कमी केले आणि नद्यांचे शोध घ्यायला ते निघून गेले. सेचेले मागे उरला. तो स्वतः उपासना घेऊ लागला, वाचायला शिकवू लागला, आसपासच्या राज्यांत त्याने सुवार्ता पोहोचवली, आणि हे त्याने चार दशके केले. पाऊस पाडण्याचे जुने विधीही त्याने सोडले नाहीत. आजचे काही इतिहासकार म्हणतात, आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या त्या भागात ख्रिस्ती धर्म पसरवण्यात लिव्हिंग्स्टनपेक्षा सेचेलेचा वाटा मोठा. हे मला पटते.

मराठी वाचकाला हे सगळे परके वाटू नये. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, १८३१ पासून अहमदनगरला त्यांचे काम सुरू झाले, आणि त्यांची पत्रे बोस्टनच्या 'मिशनरी हेरल्ड'मध्ये छापली जात. मॅसॅच्युसेट्समधल्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरात कंदिलाच्या उजेडात जे खेडे वाचले जाई ते आपले होते. आपले देव, आपल्या विधवा, आपले महारवाडे त्या पत्रांतून देणगीदारांपुढे मांडले गेले. त्यातले किती खरे आणि किती पहिल्या नजरेचे, हा वाद आपल्याकडे दीडशे वर्षे चालू आहे, आणि तो सोपा नाही. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या आणि १८६२ मध्ये अहमदनगरलाच वारल्या; त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना जे सुचले त्याचे ऋण आपण नाकारू शकत नाही. पण फरारबाई पंधरवड्यासाठी आल्या नव्हत्या. मलावीत रॉबर्ट लॉज १८७५ मध्ये गेले ते १९२७ पर्यंत राहिले. मलावीतल्या मिशनच्या इस्पितळांवर आजही खेडोपाडीची आरोग्यसेवा मोठ्या प्रमाणात टेकली आहे, आणि त्यांतले एकही दोन आठवड्यांत उभे राहिले नाही. राहणाऱ्या मिशनऱ्यांनीही साम्राज्याशी संगनमत केले, लोकांचे ढोल आणि नाच बंद पाडले, स्वतःला आईबाप समजले. त्यांची वकिली मी करत नाही. पण राहणाऱ्याला निदान आपल्या पहिल्या पत्राची लाज वाटण्याइतका वेळ मिळत असे.

इथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला; ख्रिस्त हवा, पण गोऱ्यांच्या पगारातला आणि त्यांच्या साच्यातला नको, हा त्यामागचा आग्रह. त्याच दशकाच्या आगेमागे आफ्रिकेत काय चालले होते ते पाहा. १९१३-१४ मध्ये विल्यम वाडे हॅरिस हा लायबेरियन उपदेशक बांबूचा क्रूस हातात घेऊन आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्याने चालत गेला आणि एक लाखाच्या घरात लोकांनी त्याच्याकडून बाप्तिस्मा घेतला. जानेवारी १९१५ मध्ये जॉन चिलेंब्वे या पाळकाने न्यासालँडमध्ये, म्हणजे आजच्या मलावीत, मळेवाल्यांविरुद्ध उठाव केला. तो मारला गेला आणि त्याने बांधलेले विटांचे चर्च सरकारने सुरुंग लावून पाडले. आज मलावीच्या नोटांवर त्याचे चित्र आहे. १९२१ मध्ये बेल्जियन काँगोत सिमोन किंबांगूला अटक झाली आणि तो ३० वर्षे तुरुंगात राहून तिथेच वारला. त्याच्या नावाच्या चर्चचे आज लक्षावधी अनुयायी आहेत. टिळकांना हॅरिस ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्या काळातल्या मिशनच्या ताबेदारीने हा एकच प्रश्न नगरपासून काँगोपर्यंत उभा केला होता.

त्यामुळे आजच्या गटाचा टी-शर्टवर छापलेला हेतू वाचला की हसू येते. आफ्रिकेत ख्रिस्त न्यायचा म्हणजे कुठे? १९०० साली त्या खंडात ख्रिस्ती लोक सुमारे एक कोटी होते, आज ते ६० कोटींच्या पुढे आहेत, इतर कोणत्याही खंडापेक्षा जास्त. इथिओपियाच्या राजाने चौथ्या शतकात हा धर्म पत्करला. कँटरबरीला पहिला बिशप जायला ५९७ साल उजाडावे लागले. झांबियाचे अध्यक्ष चिलुबा यांनी १९९१ मध्ये आपला देश ख्रिस्ती राष्ट्र असल्याची घोषणा केली आणि पुढे ती राज्यघटनेच्या प्रस्तावनेत गेली. तिथे दहांतले नऊ लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. ओहायोहून आलेला वीस वर्षांचा मुलगा ज्या आजीला सुवार्ता सांगतो, तिच्या आजीचा बाप्तिस्मा झालेला असतो. मलावीतल्या मंडळ्यांमध्ये स्त्रियांच्या संघटना आहेत. आजाऱ्याच्या घरी जाणे, मयताला जेवण करणे, पोरक्या मुलांना सांभाळणे हे त्यांचे काम. पाहुण्यांचा स्वयंपाकही त्याच करतात. फोटोत त्या चुलीच्या धुरामागे असतात.

केनियाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे सरचिटणीस जॉन गाटू यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत जाऊन, मिशनच्या लोकांसमोरच, सांगितले की मिशनरी परत न्या आणि पैसाही थांबवा, निदान पाच वर्षे. आमच्या मंडळ्या स्वतःच्या पायावर उभ्या राहतात का, हे आम्हाला पाहू द्या. १९७४ मध्ये लुसाकाला भरलेल्या आफ्रिकी चर्चेसच्या परिषदेने या मागणीला पाठिंबा दिला. पश्चिमेकडे खूप संताप झाला, काही आफ्रिकी पुढाऱ्यांनाही ती पसंत नव्हती. त्यांच्या हरकतीत तथ्य होते, कारण इस्पितळे आणि शाळा पाच वर्षे हवेवर चालत नाहीत. तरी गाटू जे विचारत होते त्याचे उत्तर कोणी दिले नाही. दीर्घकाळ राहणाऱ्या मिशनऱ्यांचा काळ सरत गेला आणि त्यांच्या जागी दर उन्हाळ्याला बदलणारे गट आले. मालक गेला, पाहुणा आला, आणि पाहुण्याला हाकलता येत नाही.

या ट्रिपांच्या बाजूने दिला जाणारा सगळ्यात जोरकस युक्तिवाद असा: गावाचे काही भले होवो न होवो, जाणारा बदलतो, उदार होतो, जन्मभर मदत करत राहतो. कर्ट व्हेर बीक या अभ्यासकाने होंडुरासमध्ये १९९८ च्या मिच वादळानंतर बांधलेल्या घरांवरून हे तपासले. उत्तर अमेरिकेहून आलेल्या एकेका गटाचा प्रवासासकट खर्च सुमारे ३० हजार डॉलर. स्थानिक संस्थेला तसले घर २ हजार डॉलरमध्ये पडे. पाहुण्यांनी बांधलेल्या आणि गवंड्यांनी बांधलेल्या घरांत राहणाऱ्यांच्या आयुष्यात काही फरक आढळला नाही. आणि परतलेल्यांनी आपण बदललो असे सांगितले खरे, पण त्यांच्या देणग्यांत टिकाऊ वाढ दिसली नाही. होंडुरास म्हणजे आफ्रिका नव्हे. पण मलावीच्या खेड्यात विटा पाडणारी आणि भिंत ओळंब्यात उभी करणारी माणसे नाहीत, असे ज्याला वाटते त्याने जुलैमध्ये कोणत्याही गावाबाहेरच्या भट्ट्या मोजाव्यात.

जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. मंडळ्यांनी एकमेकींना भेटणे हा त्या धर्माचा मूळ रिवाज आहे, आणि नायजेरियातली, घानामधली चर्चेस आता लंडनला आणि ह्यूस्टनला आपले पाळक पाठवतात तेव्हा ही ये-जा निदान दुहेरी झाली आहे. पाहुणा म्हणून जावे, पाहुण्यासारखे राहावे. आक्षेप आहे तो परतल्यावर पहिल्याच रविवारी दिल्या जाणाऱ्या साक्षीला. ज्याने एक उपासना पाहिली त्याने त्या लोकांच्या श्रद्धेबद्दल बोलू नये, ज्याने एकच ऋतू पाहिला त्याने त्यांच्या सुखदुःखाबद्दल बोलू नये, आणि अशा बोलण्यावर कोणत्याही मंडळीने पैसा उभा करू नये. अहवाल लिहायचा तर तो यजमान मंडळीने लिहावा: कोण आले होते, काय करून गेले, काय मोडून गेले, आणि पुन्हा यावे की नाही.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात ओळखीतले कोणी अशा सहलीहून परतले आणि फोटो दाखवू लागले, तर फोटो जरूर पाहा आणि तिथल्या पाळकाचे नाव विचारा. ती मंडळी कोणत्या साली उभी राहिली, पहिला उपदेशक कोण होता, फेब्रुवारीत गाव काय खाते, आणलेल्या पैशांचे काय करायचे हे कोणी ठरवले, तेही विचारा. उत्तरे मिळाली तर त्या माणसाचे पत्र वाचण्याजोगे आहे. नाही मिळाली, तर पुढच्या वर्षीच्या तिकिटाची रक्कम त्या मंडळीकडे पाठवायला सांगा, आणि पत्र त्या मंडळीला लिहू द्या.